आजीची ठेव कुणाला द्यायची?

आमच्या आईनं दोन लाख रुपयांची एक ठेव मागे ठेवली आणि मृत्युपत्रात एवढंच लिहिलं, की ही रक्कम अडल्यानडल्या बायकांच्या कामाला द्यावी. कुठल्या कामाला, ते लिहिलं नाही. सह्या करणाऱ्या आम्ही दोघी बहिणी. अक्का थोरली. ती बँकेतून निवृत्त झाली आणि बरीच वर्षं निराधार स्त्रियांच्या एका निवासाची खजिनदार आहे. माझी लेक मराठवाड्यात एकट्या बायकांच्या एका संघटनेबरोबर काम करते. विधवा, टाकलेल्या, नवरा असून नसल्यासारख्या. दोन्हीकडे कारभार बायकांच्याच हातात, दोन्हीकडच्या बायका सारख्याच अडचणीतल्या, आणि या मावशी-भाचींचं एकमेकींच्या कामाबद्दलचं मत फारसं बरं नाही. ठेवीची मुदत संपली तेव्हा जे बोलणं झालं ते इथं दिलं आहे. दोघींनी ते वाचलं. आपापली वाक्यं दोघींनी वाढवली. कमी एकीनंही केली नाहीत.

अक्का: यात इतका विचार कसला? निवासाच्या मागच्या खोल्या गळतात. न्हाणीघरं चार, राहणाऱ्या बायका तीस, शिवाय त्यांची पोरं. आईचे पैसे तिथं लागू देत.

लेक: आणि न्हाणीघरावर आजीच्या नावाची फरशी.

अक्का: बसवू. तिला आवडलंच असतं.

लेक: मावशी, मला त्या फरशीचीच धास्ती वाटते. तुमच्या जेवणघरात फळा आहे, 'आजचे अन्नदाते'. कुणाचा तरी वाढदिवस असतो, घरची सगळी येतात, पंगतीत वाढतात, फोटो निघतात, आणि फोटो होईपर्यंत जिलबी ताटात तशीच. मी पाहिलंय. एक बाई पदर पुढे ओढून मान खाली घालून बसली होती. लाजून नव्हे. फोटो व्हॉट्सॲपवर फिरला तर सासरच्यांना आपला पत्ता लागेल म्हणून.

अक्का: फोटो आता बंद आहेत. तो ठराव मीच मांडला. फळा आहे आणि राहणार. त्या फळ्यावर महिन्याचं वाणसामान निघतं. तुमच्याकडे चूल पेटत नाही म्हणून तुला फळा खुपतो.

लेक: पेटत नाही, कारण आमच्या बायका आपापल्या घरात राहतात. त्यांना जेवू घालणारं कुणी नकोय. सातबाऱ्यावर नाव हवंय, वेगळं रेशनकार्ड हवंय, मजुरी वेळेवर हवी आहे. तुमच्या दारातून आत यायचं तर बाईनं आधी आपलं दुःख सांगायचं. मग ते वहीत उतरणार. मग नाव बदलून वार्षिक अहवालात छापलं जाणार.

अक्का: मग देणगीदाराला काय सांगू? छत गळतं, एवढंच?

लेक: हो. छत गळतं, एवढंच सांग.

(लेकीच्या या बोलण्याशी मी सहमत आहे. अशा अहवालांची मुद्रितं मी तपासून दिली आहेत. कंसात 'नाव बदलले आहे' असं असतं. गाव, वय, मुलं किती, नवरा काय करत होता, हे सगळं जसंच्या तसं. तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही ती बाई ओळखू येईल.)

अक्का: तुला दया नको, हक्क हवा. ऐकायला छान आहे. पण १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई तिकडे गेल्या. उपाशी पोरी, तरुण विधवा, आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारे दलाल. त्या वेळी तिथं बसून हक्कांची यादी करायची होती का? रमाबाईंनी सुमारे ३०० मुली-बायका केडगावला आणल्या. राहायला पुरेशा खोल्याही नव्हत्या. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तर त्यांच्या केडगावच्या 'मुक्तिसदना'त २,००० च्या आसपास माणसं झाली. कुणाचं दुःख वहीत लिहून घ्यायला वेळ नव्हता, आधी पेज शिजवावी लागत होती.

लेक: रमाबाईंचं नाव तू घेतलंस ते बरं केलंस. त्यांच्या आईवडिलांना १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात उपासमारीनं मरताना त्यांनी पाहिलं. मग बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. म्हणजे भूक काय आणि वैधव्य काय, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. तुमच्या कार्यकारिणीत अशी कोण आहे?

अक्का: थांब. रमाबाईंनासुद्धा पैसा मागावाच लागला. अमेरिकेत भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावानं मंडळ निघालं, त्यानं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं, तेव्हा ११ मार्च १८८९ ला चौपाटीवर शारदासदन उघडलं. फळा म्हण, फरशी म्हण, पावती म्हण. कुणीतरी दिल्याशिवाय दार उघडत नाही.

लेक: आणि देणारा अटही घालतो. बॉस्टनची अट अशी, की शाळेत धर्म शिकवायचा नाही. सदन पुण्यात आलं, सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. ज्या मुलींना वाटे त्या जाऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये केवढा गहजब झाला! 'केसरी'नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. मी त्या वादाबद्दल जेवढं वाचलंय त्यात बॉस्टनचं म्हणणं सापडतं, पुण्याचं सापडतं, रमाबाईंचं सापडतं. ज्या मुली त्या दारातून आत जाऊन बसत, त्यांना काय वाटत होतं ते शोधावं लागतं.

अक्का: शोध की. सापडेल. गोदूबाई शारदासदनात शिकत होती, बालविधवा. १८९३ च्या मार्चमध्येच तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, ती आनंदीबाई कर्वे, आपली बाया. तिनं आत्मचरित्र लिहिलंय, 'माझे पुराण'. तिची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिली, इंग्रजी शिकली, आश्रमासाठी पैसे जमवले. या कोण? आश्रमातल्याच ना? आधी कुणीतरी छप्पर दिलं, शिकवलं, म्हणून पुढं या उभ्या राहिल्या.

लेक: मी तेच म्हणतेय. तेव्हा आश्रितांतून चालवणाऱ्या निघाल्या. तुमच्या निवासातून किती निघाल्या?

अक्का: त्यावर नंतर बोलू.

(अक्का 'नंतर बोलू' म्हणते तेव्हा तो विषय संपलेला नसतो, एवढं तिच्याबरोबर वाढल्यामुळे मला माहीत आहे.)

लेक: बरं, नंतर. पण मग मदतीची दुसरी तऱ्हाही बघू. तुम्ही दोघी लालबागला वाढलात. अन्नपूर्णा महिला मंडळ तुमच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. तो काही आश्रम नव्हता.

अक्का: ते मला तू सांगू नकोस. आमच्याच मजल्यावर एक खाणावळवाली होती. दहा बाय बाराची खोली, दिवसाला पंधरा-वीस गडी जेवणार. गिरणीत पाळ्या, त्यामुळे जेवणाच्याही पाळ्या. कोकणातल्याला भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी. माणसं गावाकडं कुटुंब ठेवून आलेली. पैसे पगार झाल्यावर द्यायची. बाईनं मात्र महिनाभर तांदूळ, तेल, रॉकेल उधारीवर आणायचं. वाण्याचं व्याज, सावकाराचं व्याज, गळ्यातलं गहाण. नवरा बहुतेक वेळा आजारी नाहीतर कामावरून काढलेला. पहाटे चारला तिचा स्टोव्ह सुरू व्हायचा तो रात्री अकराला विझायचा. वीस माणसांना पोसायची, आणि जनगणनेत 'गृहिणी'.

लेक: आणि प्रेमाताई पुरवांनी काय केलं? गोवा मुक्तिलढ्यातली बाई, मुंबईत येऊन कामगार चळवळीत पडली. १९७५ मध्ये तिनं या बायकांसाठी साड्या-धान्य गोळा केलं नाही. त्यांना एकत्र बांधलं आणि सरळ बँकेत नेलं. एकीची हमी दुसरी. जिच्याकडं दागिना नाही, घर नाही, तिला शेजारीण तारण!

अक्का: बँकेत नेलं म्हणतेस, तर बँकेच्या आतलं ऐक. १९७२ पासून सरकारी बँकांसाठी एक योजना होती, गरिबांना चार टक्क्यांनी कर्ज. एकूण कर्जाच्या एक टक्का रक्कम त्यात द्यायची असा दंडक. आम्ही त्याला डीआरआय म्हणायचो. कागदावर खाणावळवाली त्यात चोख बसत होती. पण शाखेच्या पायरीवर यायला ती धजत नव्हती, आणि आली तरी फॉर्ममधल्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं इथून सुरुवात. योजना होती, पैसा होता, बाई होती. मधलं अंतर कुणी चालून जायचं? प्रेमाताई स्वतः खाणावळवाली नव्हती, लक्षात घे. तिचे यजमान बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनचे पुढारी. बँकेची भाषा त्या घरात होती. बाहेरच्या बाईनं मधे पडल्याशिवाय तिथंही काम झालं नाही.

लेक: बाहेरची बाई मला चालते. ती कुठं उभी राहते ते मी बघते. प्रेमाताईंनी कर्ज स्वतःच्या नावावर घेऊन बायकांना वाटलं असतं तर तुमच्यासारखीच संस्था झाली असती. कर्ज बाईच्या नावावर, सही-अंगठा बाईचा, फेड बाईची. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा याच बायकांनी उधारीवर किती दिवस त्यांना जेवू घातलं. म्हणजे कोण कुणाचा आधार होतं? आणि म्हसवडला बघ. चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायची ठरवली, रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. सभासद निरक्षर म्हणून. बायका अक्षरं गिरवून पुन्हा गेल्या आणि तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवतो, म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

अक्का: आता लिज्जतही सांग.

लेक: सांगतेच. १९५९, गिरगाव, सात जणी, ८० रुपये उसने. देणगी घ्यायची नाही हा पहिल्यापासूनचा नियम.

अक्का: सगळ्या गोष्टी खऱ्या, आणि सगळ्या अभिमानाच्या. आता मला सांग, खाणावळवालीकडं काय होतं? खोली होती. पापड लाटणारीकडं? पापड वाळत घालायला जागा होती, दोन धड हात होते. माणदेशातल्या बाईकडं शेळी होती, बाजारात बसायची पथारी होती. माझ्याकडं रात्री दोनला जी येते ना, तिच्या अंगावरच्या साडीखेरीज तिचं काही नसतं. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताला पोर. तिला मी कर्ज देऊ? गट बांध म्हणू? तिला कुलूप लावता येईल अशी खोली लागते, आणि दारावर वॉचमन लागतो.

लेक: ते मान्य आहे.

अक्का: मान्य असायलाच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात तुझ्या संघटनेच्या बायकांनीच दोघींना माझ्याकडं आणून सोडलं. रात्रीची एसटी. तेव्हा फळ्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

(यावर लेक गप्प बसली. मला वाटतं, तिच्या बाजूनं एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती स्वतः सांगत नाही. त्या दोघींपैकी एकीला सहा महिन्यांनी परत गावात नेऊन, वेगळी चूल मांडून, सासऱ्याच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला काढून, नवं रेशनकार्ड मिळवून देण्याचं काम निवासानं केलं नाही. संघटनेनं केलं.)

अक्का: गप्प का? बोल.

लेक: विचार करतेय. रात्री दोनची गोष्ट तुझी खरी. पण दिवसा अकराची गोष्टही ऐक. संजय गांधी निराधार योजना आहे. महिन्याला दीड हजार. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. महिन्याला पावणेदोन हजार! एवढ्यात जगणारं कुटुंब तहसीलदारांना तरी कुठं भेटतं? तरी दाखला निघतो, कारण सगळ्यांना माहीत असतं की आकडा खोटा आहे. विधवेकडं निदान मृत्यूचा दाखला असतो. टाकलेलीकडं काय? नवऱ्यानं टाकलंय हे कोण लिहून देणार? पोलीस पाटलाला विचारलं तर तो म्हणतो, "येतो की कधीमधी." संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली होती, निशाताई शिवूरकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी भरवलेली. या बायका आहेत, त्यांना मोजा, हे तेव्हा पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं सांगितलं गेलं. आजही मी त्याच दाखल्यासाठी तहसीलच्या बाकावर बसते. हे काम कोणत्याही छताखाली होत नाही. त्याला देणगी कोण देतं?

अक्का: कुणी देत नाही. ते मी खजिनदार म्हणून सांगते. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, कायदा आहे २०१३ चा. त्यांची माणसं येतात, पहिला प्रश्न, मालमत्ता काय उभी राहील? इमारत चालते, बस चालते, शिलाई मशीन तर फारच चालतं. पगाराला पैसे मागितले की चेहरा पडतो. परदेशी पैशाचं तर २०२० पासून बघतेच आहेस. खातं दिल्लीच्या एकाच शाखेत, कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या आत, आणि एका संस्थेनं दुसरीला पैसे द्यायचे नाहीत.

लेक: आम्हाला त्या शेवटच्या कलमानं मारलं. आमची संघटना नोंदलेली नाही. तालुक्याच्या कामाचा खर्च एका मोठ्या संस्थेकडून यायचा. तो बंद झाला.

(शिलाई मशीनबद्दल एक वाक्य मला माझंही घालू द्या. एका गावात पाच शिलाई मशीन वाटली तर पाच शिंपिणी होत नाहीत. त्या गावाला ब्लाउज शिवून देणारी एकच बाई पुरते. बाकी चार मशीनवर कपड्यांच्या घड्या बसतात. तरीही दर आठ मार्चला मशीन वाटली जातात, कारण ती फोटोत चांगली दिसतात.)

अक्का: बघ, दोघींचं दुखणं एकच निघालं.

लेक: एकच नाही, मावशी. तू टाळलेला प्रश्न राहिलाय. तुमच्या निवासात राहून गेलेल्या किती बायका आज तुमच्या कार्यकारिणीत आहेत?

अक्का: एकही नाही.

लेक: का?

अक्का: एक होती. रुग्णालयात आयाचं काम करते, हुशार, बोलायला खमकी. आम्ही हौसेनं घेतलं. सभा बुधवारी अकराला. दोनदा आली, गप्प बसून राहिली, मग यायची बंद झाली. आम्ही समजलो, तिला रस नाही.

लेक: बुधवारी अकराला तिचा रोज बुडत होता.

अक्का: ते मला पुढं कळलं. आणखी एक. इतिवृत्त आम्ही इंग्रजीत लिहितो, सीएला सोपं पडतं म्हणून. तिनं त्याखाली सही केली होती.

लेक: मुंबईहून येतात त्या बाईंना तुम्ही प्रवासखर्च देता?

अक्का: देतो. गाडीचा.

लेक: मग आयाच्या रोजाचे पाचशे रुपये का नाही?

अक्का: विश्वस्तानं संस्थेतून लाभ घ्यायचा नसतो. प्रत्यक्ष झालेला खर्च देता येतो. रोज हा खर्च की लाभ, यावर ऑडिटर माझं डोकं खाईल.

लेक: पेट्रोल जळलं तर खर्च, मजुरी बुडली तर लाभ?

अक्का: तू माझ्यावर ओरडू नकोस, तो प्रश्न तू ऑडिटरला विचार. आणि मी तुला एक विचारते. तुझ्या संघटनेच्या त्या तालुका अध्यक्ष. ऊसतोडीला जात होत्या, आता जात नाहीत. जिल्ह्यात सत्कार झाला, पेपरात नाव आलं. महिन्यातले किती दिवस त्या दुसऱ्यांचे दाखले काढत तहसीलला बसतात?

लेक: आठ-दहा.

अक्का: त्यांना त्याचं काय मिळतं?

लेक: काही नाही.

अक्का: तुला पगार मिळतो. थोडा असेल, पण मिळतो. तुम्ही तिला 'नेतृत्व' म्हणता आणि तिच्याकडून महिन्यातले दहा दिवस फुकट घेता. माझ्याकडं ती आली नाही, तुझ्याकडं ती येते, एवढाच फरक. रोज दोन्हीकडं तिचाच बुडतो.

(या वाक्यानंतर बराच वेळ भांडण पुढं गेलं नाही. अक्का बँकेत होती याचा मला कधीकधी विसर पडतो. ती गोष्ट शेवटी खात्यावरच आणते. मला जे कळलं ते असं: बायकांनी चालवलेल्या संस्थेत कोणत्या बायका चालवतात हे मनाच्या मोठेपणावर ठरत नाही. ज्यांना बुधवारी अकरा वाजता मोकळा वेळ असतो त्या चालवतात. आम्हाला निवृत्तिवेतन आहे, म्हणून वेळ आहे. सावित्रीबाई-जोतिरावांनी १८६३ मध्ये आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा वेळही त्यांचा, घरही त्यांचं, खर्चही त्यांचा. तसं करणारं माणूस शतकात एखादं. बाकी सगळीकडं कुणाचा तरी रोज बुडतो आणि तो भरून द्यायला कोणताच रकाना नसतो.)

लेक: मग आजीचे पैसे निवासाला द्या. माझी हरकत नाही. पण अट घाला. निवासात राहून गेलेल्या दोन बायका कार्यकारिणीत घेतल्या पाहिजेत.

अक्का: वा! झाली बॉस्टनची समिती. मघाशी देणाऱ्यांच्या अटींवर तू तावातावानं बोलत होतीस. आता दोन लाखांच्या जोरावर कोणाला खुर्चीत बसवायचं ते तू ठरवणार? आणि त्या दोघींना कळलं की आपली जागा देणगीच्या अटीतून आली आहे, तर त्या सभेत तोंड उघडतील?

लेक: मग तू सुचव.

अक्का: कॉर्पस म्हणून द्या. मुद्दल मोडायचं नाही, ठेवीतच राहील, व्याज कशाला वापरायचं तेवढं देणगीच्या पत्रात लिहायचं. सात टक्क्यांनी धर, वर्षाचे चौदा हजार. पाचशेनं अठ्ठावीस रोज. पत्रात कोण निवडायचं ते लिहायचं नाही. एवढंच लिहायचं, की सभेला येणाऱ्या ज्या बाईचा रोज बुडेल तिला तो या व्याजातून मिळेल.

लेक: आणि रात्री एसटीनं बाईला घेऊन येणारीचा?

अक्का: तिचाही. तिचा तर आधी.

लेक: छताचं काय?

अक्का: छताला देणगीदार मिळतो. फरशी बसवायची सोय असली की मिळतोच.

मी सही केली. अठ्ठावीस रोज म्हणजे काही फार नव्हेत, आणि तहसीलच्या बाकावरचे आठ-दहा दिवस त्यात बसत नाहीत. ते लेकीचं दुखणं तसंच आहे आणि तिनं ते मला पुन्हा सुनावलंही. बाकीच्या दात्यांना माझं सांगणं एवढंच, की संस्थेला पैसे देण्याआधी अहवालातली करुण कहाणी वाचू नका. कार्यकारिणीची यादी मागवा आणि सभा कोणत्या वारी, किती वाजता भरते ते विचारा.

निवासाची सभा आता रविवारी दुपारी तीनला होते आणि इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं. मंडळानं दोन बायका निवडून घेतल्या. त्यांतली एक ती आयाच. कार्यकारिणीतला बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांना कळवावा लागतो, तो चेंज रिपोर्ट अक्कानं मुदतीत भरला. या दोघींचा रोज कोणत्या खात्यावर टाकायचा, याचं उत्तर ऑडिटरनं अजून दिलेलं नाही.